शेती आणि आरोग्य : सुपारीने तोंड का आवळते?



हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक छोटेसे काम करा. हाताची मधली तीन बोटे एकमेकांना चिकटवून धरा, तोंड उघडा आणि ती एकावर एक उभी अशी वरच्या व खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये बसतात का ते पाहा. बसली तर उत्तम. दोनच बसत असतील तर हा लेख नीट वाचा. एकच बोट जात असेल तर लेख वाचून झाल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस ठरवा. तपासणी मात्र घरातील सर्वांची करा. सुपारी, मावा, खर्रा किंवा पुडी खाणाऱ्यांची तर अगोदर करा.

कृषी खात्यातला माणूस खते-बियाणे सोडून तोंडात कशाला डोकावतो, असे तुम्ही म्हणाल. कारण असे की, आपल्याकडे मध्यंतरी एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. ट्रॅक्टर चालवतो. दिवसभर गालात मावा असतो. वर्षभरापासून त्याला भाकरीचा घास घेता येत नाही, दुधात कुस्करून द्यावी लागते. ठेचा तर सोडाच, साधी फोडणीची आमटी खाल्ली तरी तोंडाची आग होते. कोणी म्हणते उष्णता आहे, कोणी म्हणते अक्कलदाढ अडली आहे. नेमके काय झाले असेल? आणि हे सुटेल का?"

असे पत्र एकच आले असते तर मी त्यांना स्वतंत्र उत्तर पाठवले असते. पण गावोगावच्या बैठकांत आता मला हे नेहमी दिसते. पोह्यांची बशी पुढे येते आणि पंचविशीतला गडी चमचा आडवा धरून, ओठ चोखत, एक-एक दाणा आत ढकलतो. म्हणून हे उत्तर सर्वांसाठी देत आहे.

हा आजार कोणता?

याला डॉक्टर लोक ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सोप्या भाषेत, तोंडाच्या आतल्या मऊ अस्तराखाली चिवट तंतूंचा थर साचणे. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो प्रथम नोंदवला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जोशी यांनी त्याचे वर्णन करून 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव वापरले. म्हणजे नाव देण्याचा मान आपल्याच मुंबईकडे जातो. आणि दुर्दैवाने आजारही आपल्याच लोकांचा आहे. जिथे जिथे सुपारी चघळतात तिथे तिथे तो आहे. बाकी जगात तो फारसा आढळत नाही.

अंगातले तीनपदरी दोर

आजार समजायचा तर आधी निरोगी अंग समजले पाहिजे. आपल्या कातडीत, हाडांत, स्नायूंच्या टोकांत आणि तोंडाच्या अस्तराखाली दोरासारखे तंतू असतात. त्यांना कोलॅजेन म्हणतात. अंगातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश हेच. बैलाचे कातडे कमावून वादी करतो, ती या तंतूंचीच. कातडी व हाडे उकळून सुताराचा सरस काढतात, तोही यांचाच.

हे दोर वळलेले असतात तीन पदरांचे, अगदी आपण अंबाडीचे दावे वळतो तसे. ही गोष्ट १९५४-५५ च्या सुमारास मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिली.

आता महत्त्वाची गोष्ट. दावे एकदा वळले की वळले. अंगातल्या दोरांचे तसे नाही. ते सतत थोडे थोडे उसवले जातात आणि नव्याने वळले जातात. याचा एक जुना दाखला आहे. १७४० साली इंग्रज दर्यावर्दी ॲन्सन जहाजे घेऊन निघाला. वाटेत ताजी फळे व भाजीपाला नाही म्हणून खलाशांना स्कर्व्ही झाला. त्यातल्या एकाची पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेली, केव्हाच भरून आलेली जखम पुन्हा उघडली! कारण नवा दोर पक्का वळायला जीवनसत्त्व क लागते. ते मिळेना, म्हणून वळणे थांबले; उसवणे मात्र चालूच राहिले.

वळणारे आणि कातरणारे

अंगात वळण्याचे आणि उसवण्याचे काम विकर करतात. विकर, म्हणजे डॉक्टर ज्याला एन्झाइम म्हणतात ते. दुधात विरजण जसे थोडे पण काम मोठे, तसेच हे.

कातरणाऱ्या विकराचा शोध कसा लागला ते ऐका. पावसाळ्यात भातखाचरात बेडकाची शेपटीवाली पिले तुम्ही पाहिली आहेत. महिन्याभरात त्यांची शेपूट जाते. ती तुटून पडत नाही; आतल्या आत विरघळते. मग शेपटीतले चिवट दोर कोण विरघळवते? १९६२ साली अमेरिकेत ग्रॉस आणि लापिएर या दोघांनी त्या शेपटीतूनच दोर कापणारा विकर वेगळा दाखवला. पुढे कळले की अशा कात्र्यांचे एक कुटुंबच आहे. माणसात त्यांचे वीसहून अधिक प्रकार आहेत. प्रत्येक कात्रीच्या पात्यात जस्ताचा एक कण असतो. भातावर खैरा रोग पडला की आपण झिंक सल्फेट देतो ना, त्यातलेच जस्त.

कात्री मोकाट सुटली तर अंग उसवून जाईल. म्हणून अंगाने तिला लगामही दिले आहेत. लगाम म्हणजे कात्रीच्या पात्यात अडकून बसणारी दुसरी प्रथिने. वळणारे, कातरणारे आणि लगाम, या तिघांचा मेळ बसला की अंग मऊ, लवचीक राहते. विळा लागून बोट कापले तर थोडे दिवस वळणाऱ्यांचा जोर होतो, जखम भरते. मग कात्र्या येऊन जादा दोर छाटतात आणि वण हळूहळू मऊ पडतो. मेळ बिघडून वळणाऱ्यांचाच जोर राहिला तर दोर साचत जातात. यालाच फायब्रोसिस म्हणतात. दारूने यकृतात, जुन्या मधुमेहाने मूत्रपिंडात, दगडाच्या भुकटीने फुप्फुसात जे कठीणपण येते, ते याच जातीचे.

प्राणवायू कमी पडला की काय होते?

हवेच्या शंभर भागांत एकवीस भाग प्राणवायू. तो फुप्फुसातून रक्तात जातो आणि बारीक रक्तवाहिन्यांतून प्रत्येक पेशीपर्यंत पोचतो. मळ्याचे उदाहरण घ्या. पाट कितीही भरून वाहत असला तरी शेवटच्या वाफ्याची दांडी बुजली तर ते रोप सुकणारच. अंगातही तसेच. छातीत श्वास भरपूर असला तरी एखाद्या जागेच्या बारीक वाहिन्या आवळल्या तर तेवढी जागा प्राणवायूवाचून राहते.

पिकांनाही हा त्रास होतो. मक्याच्या शेतात पाणी साचले की मातीतली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. तेव्हा मूळ काय करते? त्यात इथिलीन वायू साठतो, काही पेशी मरतात, त्यांच्या भिंती विकर विरघळवतात आणि मुळात हवेच्या पोकळ नळ्या तयार होतात. भाताच्या मुळांत त्या मुळातच असतात, म्हणून भात पाण्यात उभा राहतो. म्हणजे हवा कोंडली की वनस्पती आपल्या अंगात मोकळी जागा करून घेते.

आपल्या अंगात याच्या जवळजवळ उलट घडते. पेशींमध्ये एक पहारेकरी प्रथिन असते. प्राणवायू पुरेसा असेल तोवर ते तयार होताच नष्ट केले जाते. प्राणवायू कमी झाला की ते टिकते, पेशीच्या गाभ्यात शिरते आणि अडचणीच्या दिवसांतली कामे सुरू करते. नव्या रक्तवाहिन्या काढा, तांबड्या पेशी वाढवा, असे हुकूम ते देते. या पहारेकऱ्याचा आणि प्राणवायू ओळखण्याच्या रीतीचा शोध लावल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे हुकूम थोड्या दिवसांसाठी हिताचे. जखमेत वाहिन्या तुटलेल्या असतात, प्राणवायू कमी असतो, तेव्हा हीच हाक जखम भरायला मदत करते. पण तुटवडा महिनोन्महिने राहिला तर घात होतो. कारण याच हुकमात दोर जास्त वळण्याचा आणि त्यांना आडव्या गाठी मारणाऱ्या विकराचाही हुकूम असतो. शिवाय पुष्कळ ठिकाणी कात्र्यांचे लगाम वाढतात. वळणे वाढले, गाठी वाढल्या, कातरणे मंदावले. मग मऊ जागा कठीण होणार नाही तर काय?

चाणाक्ष वाचक येथे विचारील, "साहेब, दोर वळायलासुद्धा प्राणवायू लागतो ना?" लागतो. प्राणवायू अगदीच तुटला तर दोर पक्का होत नाही. मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिने महिने चिघळते तेव्हा तिथे प्राणवायूही नसतो आणि कात्र्याही मोकाट सुटलेल्या असतात. म्हणजे प्रत्येक ठिकाणचा नियम एकच नव्हे. पण प्राणवायू संपलेला नाही, नुसता कमी आहे आणि कायमचा कमी आहे, अशा जागी दोर साचण्याकडे कल राहतो. सुपारी खाणाऱ्याचे तोंड ही अशीच जागा.

सुपारी तोंडात काय करते?

सुपारी चार बाजूंनी घाव घालते.

पहिला घाव, तिच्यातल्या अरेकोलिन या द्रव्याचा. सुपारी खाल्ल्यावर घाम येतो, तरतरी वाटते, ती यानेच. त्यावर चुना लागला की त्याचे रूप बदलते आणि ते दोर वळणाऱ्या पेशींना चाबूक मारल्यासारखे पळवते. कात्र्यांचे लगामही त्याने वाढतात.

दुसरा घाव टॅनिनचा. ढोर समाजातले जुने कारागीर कातडे कशात कमावत? बाभळीची साल आणि हिरडा. त्यात टॅनिन असते. ते कातड्याच्या दोरांना असे चिकटते की कातडे कुजत नाही, म्हणजे त्याला कोणी कातरू शकत नाही. सुपारीत हेच टॅनिन भरपूर असते. दिवसाला दहा-पंधरा पुड्या गालात धरणारा माणूस आपल्याच गालाचे कातडे जिवंतपणी कमावत असतो, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

तिसरा घाव तांब्याचा. दोरांना आडव्या गाठी मारणाऱ्या विकराला काम करायला तांबे लागते. सुपारीत तांब्याचे प्रमाण नेहमीच्या खाण्यातल्या शेंगदाणे-बदामासारख्या दाण्यांपेक्षा जास्त आढळले आहे. चघळताना ते लाळेत उतरते आणि गाठी मारणाऱ्याला आयतेच खाद्य मिळते.

चौथा घाव नुसत्या घासण्याचा. वाळलेल्या सुपारीची खांडे खडबडीत असतात. ती दिवसभर एकाच गालाला घासतात, तिथे बारीक जखमा होतात. जखम झाली की अंग दोर वळायला धावणारच.

मग चक्र सुरू होते

साचलेले दोर अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्यांना आवळतात. म्हणूनच अशा माणसाच्या गालाची आतली बाजू गुलाबी न राहता पांढुरकी, संगमरवरासारखी दिसते. रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी. प्राणवायू कमी म्हणजे पहारेकरी जागा. श्रीलंकेच्या आणि इतर संशोधकांनी अशा रुग्णांच्या तोंडातले तुकडे तपासले तेव्हा त्यांत हे पहारेकरी प्रथिन वाढलेले सापडले. पहारेकरी जागा म्हणजे आणखी दोर, आणखी गाठी. आणखी दोर म्हणजे वाहिन्या आणखी आवळलेल्या. बैल घाण्याला जुंपावा तसे हे चक्र फिरत राहते. दोरांच्या वरचे अस्तर उपाशी राहून पातळ होते, म्हणून तिखट लागताच आग होते.

आणि याच उपाशी अस्तरात पुढे कर्करोगाचे बीज पडू शकते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष दिला. ६६ पैकी ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला होता. म्हणजे तेरा जणांत एक. एखाद्या बियाण्यात तेरा दाण्यांमागे एक कीडका निघाला तर आपण ती पिशवी परत करतो.

"आमचे आजोबा तर नव्वद वर्षे पान खात होते!"

हे मला प्रत्येक गावात ऐकायला मिळते. खरे आहे. पण आजोबा जेवणानंतर चंची सोडत, अडकित्त्याने सुपारीची दोन खांडे कातरत, हिरव्या पानात गुंडाळत आणि चावून मोकळे होत. पान, पाणी, सुपारी यांचे प्रमाण वेगळे होते. पुडीत पान नाही, ओल नाही; वाळलेली सुपारीच मुख्य. मावा-खर्ऱ्यात तर सुपारी, चुना आणि तंबाखू प्लॅस्टिकच्या तुकड्यात घासून घट्ट गोळा करतात आणि तो तासन्‌तास गालात राहतो. म्हणून जो आजार पान खाणाऱ्यांत उतारवयात, पुष्कळ वर्षांनी दिसे, तो पुडीवाल्यांत थोड्या वर्षांत आणि ऐन तरुणपणी दिसू लागला.

आजोबांचे पानही निर्धोक होते असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले की तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग करते. "मी तंबाखू खात नाही, साधी गोड सुपारी खातो," हे समाधान खोटे आहे. शाळेच्या फाटकाबाहेर रंगीत पाकिटात मिळणारी गोड सुपारी म्हणजे याच रस्त्याची पहिली पायरी. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाला यांच्या विक्रीला २०१२ सालीच बंदी झाली. पण घरातून मागणी आहे तोवर बंदी कागदावर राहते, हे तुम्ही-आम्ही जाणतोच.

देवापुढची सुपारी आणि लग्नाची सुपारी आपापल्या जागी राहू द्या. ती फोडायची असते, चघळायची नसते.

खुणा ओळखा

पुढील खुणांपैकी एखादी जरी दिसली तरी थांबू नका.

१. तिखट, गरम खाताना आग होणे. ही बहुधा सर्वांत पहिली खूण. तोंड उघडत असतानाच ती येते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते.
२. तोंडात वारंवार फोड येणे, तोंड कोरडे पडणे.
३. गालाची आतली बाजू पांढुरकी दिसणे आणि बोट फिरवले तर उभे दोरखंड लागणे.
४. जीभ पूर्वीइतकी बाहेर न येणे.
५. शीळ घालता न येणे, गाल फुगवून दिवा विझवता न येणे.
६. आवाज नाकातून येणे, कानाला कमी ऐकू येणे. घशाजवळचे दोर कानाच्या नळीपर्यंत जातात, म्हणून असे होते.
७. न दुखणारी, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ किंवा लाल-पांढरा चट्टा. ही खूण धोक्याची. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

सुटेल का?

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीला सरळ उत्तर देतो. सुपारी पूर्ण सोडली तर हा आजार बहुधा पुढे सरकत नाही आणि आग कमी होते. तोंड मात्र आपोआप पहिल्यासारखे उघडत नाही. कारण जे दोर टॅनिनने कमावले गेले आणि ज्यांना गाठी बसल्या, ते कात्र्यांना सहज दाद देत नाहीत. म्हणून जितके लवकर सोडाल तितके हाती राहील. दोन बोटांवर सोडले तर दोन बोटे तरी वाचतात. "आज एक पुडी कमी, उद्या दोन कमी" असा हिशेब करणारे बहुतेक जण परत पहिल्या आकड्यावर येतात, असे मी पाहिले आहे. दिवस ठरवा आणि एकदम सोडा. पहिले दोन-तीन आठवडे जड जातात. तोंडात काही हवे असेल तर बडीशेप, लवंगेचा तुकडा, वाळवलेला आवळा ठेवा. आग होत असेल तर लवंग नको.

डॉक्टर काय करतात तेही माहीत असावे. गालात इंजेक्शने देतात. त्यांत सूज उतरवणारे औषध असते आणि दोरांच्या मधला चिकट माल विरघळवणारा विकर असतो. म्हणजे अंगातली कात्री थकली तेव्हा बाहेरून मदतनीस पाठवला. बारीक वाहिन्यांतून रक्त खेळते राहावे म्हणून गोळ्या देतात. जीवनसत्त्वे देतात. तोंड फारच मिटले असेल तर दोर कापून त्या जागी गालातलीच चरबी किंवा दुसरे अस्तर बसवतात. पण शस्त्रक्रियेनंतर तोंडाचा व्यायाम सोडला किंवा सुपारी पुन्हा धरली तर दोर परत येतात.

व्यायाम घरचाच आहे. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या स्वच्छ धुऊन एकावर एक रचायच्या, दातांमध्ये धरायच्या आणि डॉक्टर सांगतील तसे काही दिवसांनी एक-एक काडी वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा. जबरदस्ती करू नका. रक्त काढले तर नव्या जखमेतून नवे दोरच होतील.

आहाराचे म्हणाल तर रक्त वाढवणारे अन्न हवे. प्राणवायू वाहून नेणारी बैलगाडी म्हणजे रक्तातले लोह. आधीच वाहिन्या आवळलेल्या, त्यात गाड्याही कमी, असे होऊ देऊ नका. माठ, मेथी, शेवग्याचा पाला, मटकी, चवळी, हळीव हे पदार्थ घरचेच आहेत. बरोबर लिंबू किंवा आवळा घेतला तर त्यातले लोह अंगी लागते. विडी-सिगारेटही बंद. तिच्या धुरातला विषारी वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवतो आणि तंबाखू वाहिन्या आखडवते.

तपासणी कुठे करायची? आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. आजार निघाला तर सुपारी सोडल्यानंतरही तीन ते सहा महिन्यांनी तोंड तपासून घेत राहा. कर्करोगाचा धोका पुढेही काही काळ राहतो, हे विसरू नका.

बागायतदारांशी दोन शब्द

कोकणातले आणि गोव्यातले पोफळीचे बागायतदार हे वाचून म्हणतील, "आता तुम्हीच आमच्या पोटावर पाय देणार काय?" तसे नाही. पण खरे ते सांगितले पाहिजे.

कोळेरोगासाठी आपण एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद म्हणजे तांब्याचेच मीठ. म्हणून शिफारशीपेक्षा जास्त वेळा, अंदाजाने फवारू नका. पण "आमची सुपारी बिनफवारणीची, ती खाल्ली तर चालेल" असेही कोणाला सांगू नका. अरेकोलिन आणि टॅनिन फळातच आहेत, ते फवारणीतून आलेले नाहीत.

दुसरे, बाग एकाच पिकाच्या भरवशावर ठेवू नका. पोफळीवर मिरीचे वेल चढतात, सावलीत जायफळ व केळी होतात. गळून पडणाऱ्या झावळीच्या बुंध्याकडच्या रुंद भागापासून ताटे व द्रोण होतात, त्यांना शहरात मागणी आहे. सुपारीचे उत्पन्न हळूहळू बागेच्या एकूण उत्पन्नाचा एक भाग होऊ द्या, सगळे उत्पन्न नको. लागवडीची माहिती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे मिळेल.

शेवटी घरातल्या मोठ्यांना एक विनंती. पाहुण्यांपुढे सुपारीची वाटी ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. तिच्या जागी बडीशेप, ओवा, भाजलेले तीळ, खोबऱ्याची कातळी ठेवा. मजुरांना कामाच्या वेळी पुडीसाठी सुटे पैसे देण्याची पद्धत काही गावांत पडली आहे. त्याऐवजी गूळ-शेंगदाणे द्या. आणि मुलाला दुकानावर पाठवून पुडी मागवणे आजपासून बंद करा. मुले ऐकण्यापेक्षा पाहून शिकतात.

या विषयावर काही विचारायचे असेल तर पत्राने विचारा. पत्रावर नाव छापू नये असे लिहिले तर छापणार नाही. पुढच्या अंकात साठवणीच्या धान्याला टोका लागू नये म्हणून काय करावे, ते पाहू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी